ईएल३४ काढून ६एल६, मग केटी६६: कुठवर आलोय

घरी बांधलेल्या, मार्शल कंपनीच्या जेटीएम४५ धर्तीच्या गिटार अँपमध्ये (अँप्लिफायर) आतापर्यंत ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हचीच (काचेच्या नळ्या) जोडी होती. या वेळी ६एल६जीसी (पुढे नुसतं ६एल६) आणि केटी६६ या दोन्ही जातींच्या जोड्या लावून पाहिल्या. मार्शलनेही आधी ५८८१, मग केटी६६ आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ईएल३४ वापरल्या, त्यामुळे या सर्किटला कुणीच परकं नाही.

सॉकेट तेच, आठ पिनांचं ऑक्टल. ईएल३४ ची १ नंबरची पिन म्हणजे सप्रेसर ग्रिड (आतली एक जाळी), ती ८ नंबरच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) जोडलेली हवी. माझ्याकडे तो जोड आहेच आणि बाकीच्या दोघींना तो नडत नाही. उलटा, म्हणजे ६एल६ कडून ईएल३४ कडे, प्रवास करणाऱ्यांनी मात्र जपून: बऱ्याच फेंडर अँपमध्ये १ नंबरचा टॅग मोकळा म्हणून ग्रिडचा रेझिस्टर त्यावरच टेकवलेला असतो. शिवाय ६एल६ चा हीटर ०.९ अँपिअर खातो, केटी६६ चा १.३, ईएल३४ चा दीड. ट्रान्सफॉर्मरला झेपणार का, हे आधी बघा.

खरा वेळ गेला बायसमध्ये, म्हणजे ग्रिडवरच्या निगेटिव्ह व्होल्टने व्हॉल्व्हचा स्थिर करंट ठरवण्यात. ६एल६ ला ईएल३४ पेक्षा जास्त निगेटिव्ह व्होल्ट लागतात, म्हणून नवी जोडी खोचण्याआधी बायसचा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) पूर्ण निगेटिव्ह टोकाला. प्लेटवर (इलेक्ट्रॉन झेलणारा भाग) ४४० व्होल्ट, प्लेटच्या कमाल वॉटच्या ७० टक्क्यांचा हिशेब: २५ वॉटच्या व्हॉल्व्हला साधारण ४० मिलिअँपिअर, ३० वॉटच्या ६एल६जीसीला ४७ च्या आसपास. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर आहे, त्यामुळे मीटरवरचा मिलिव्होल्ट म्हणजेच मिलिअँपिअर (त्यात थोडा स्क्रीनचा करंट आलाच). करंट वाढवला की प्लेटचे व्होल्ट बसतात, मग पुन्हा गणित. आमच्याकडे रात्री उशिरा मेन्सचे व्होल्ट चढतात, म्हणून शेवटचा हात मी तेव्हाच मारतो. दिवा मालवून प्लेट लालसर होत नाही ना, तेही बघून घेतो. काचेच्या आतल्या अंगाला निळी झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते.

आवाजाचं म्हणाल, तर व्हॉल्यूम तीनवर तिघींत फरक सांगणं मला तरी जमलं नाही. सहाच्या पुढे चित्र पालटतं. ईएल३४ मधल्या पट्ट्यात पुढे येऊन लवकर फाटते, ६एल६ चा खर्ज घट्ट, केटी६६ भरदार आणि वरचे सूर मोकळे. एकाच जातीच्या दोन ब्रँडमधला फरक बायस सारखा केल्यावर बहुतेक विरून जातो. महागडी जोडी मागवण्याआधी स्क्रू ड्रायव्हर फिरवून बघा! (सोसायटीत हे प्रयोग होत नाहीत, मित्राच्या गोडाऊनला शरण.)

केटी६६ सध्या आतच ठेवल्यात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ईएल३४ साठीचा, ३.४ किलोओहमचा, ८ ओहमचं स्पीकर कॅबिनेट त्याच्या ४ ओहमच्या टॅपवर (स्पीकर जोडायचं टोक) लावलं की प्रायमरीला, म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूला, दुप्पट म्हणजे ६.८ किलोओहम दिसतात, आणि केटी६६ ला तेच मानवतं. पुढच्या खेपेला दोन्ही टॅपवर आउटपुट मोजून आकडे टाकतो.