टाकीतला समुद्र

आज सुट्टी, बाहेर ऊन मरणाचं, म्हणून कूलरसमोर आडवा पडून ट्रीएस्ट नावाच्या त्या खोल समुद्रात उतरणाऱ्या यानाबद्दल वाचत बसलो न तिथंच चुकलं माझं. १९६० च्या जानेवारीत जॅक पिकार आणि डॉन वॉल्श मारियाना खंदकाच्या तळाशी गेले, जवळपास ११ किलोमीटर खाली, एका पोलादी गोळ्यात बसून, उतरायलाच पावणेपाच तास लागले. ९ किलोमीटरच्या आसपास धाडकन आवाज, अख्खा गोळा हादरला, बाहेरच्या एका खिडकीला तडा. आणि हे दोघं अजून खाली जातात! मी तर तिथूनच आईला हाक मारली असती बे. दाब वरच्यापेक्षा हजारपटीहून जास्त, अंधार तर हजार मीटरनंतरच पूर्ण, सूर्याचा संबंधच संपला.

रात्री लाईट गेली. आई म्हणे टाकी भरली का बघून ये. गच्चीवर गेलो, झाकण उघडलं, मोबाईलचा टॉर्च मारला तर पाणी काळंशार, तळ दिसूनच नाही राहिला, आणि आत कुठंतरी टप... टप... (हजार लिटरची टाकी आहे, मला माहीत आहे, तरी.) हात घातला न काहीतरी गोल, थंडगार, हळूच बोटांना लागलं.

बॉलकॉकचा गोळा होता.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आणि मी नागपुरात गच्चीवर किंचाळलो, शेजारचे काका टॉर्च घेऊन बाहेर, "काय झालं रे, साप आहे का?" काय सांगू त्यांना. हो म्हटलं. आता काका काठी घेऊन शोधून राहिलेत.