हनुक्याचे दिवे: तेल, वात आणि शुक्रवारची तयारी

हनुका म्हणजे रोज एक दिवा वाढवत जाणारा यहुदी सण; त्याच्या आठ रात्रींसाठी तेल-वातीची मांडणी ठरवताना मी सगळ्यात आधी शुक्रवारचा विचार करते. इतर दिवशी अंधार पडल्यावर दिवा अर्धा तास जळला की पुरे. शुक्रवारी मात्र हनुक्याचे दिवे शब्बाथच्या (शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या विश्रामवाराच्या) दिव्यांच्याही आधी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी लावायचे आणि ते अंधार पडून अर्धा तास होईपर्यंत जळले पाहिजेत. धरून चला किमान दीड तास. त्यात शब्बाथ लागला की हात लावायचा नाही. वात सारायची नाही, तेल घालायचं नाही, हनुकिया (हनुक्याचे दिवे ठेवायचं दीपपात्र) हलवायचीसुद्धा नाही. जी मांडणी शुक्रवारी टिकते ती बाकीच्या रात्री आपोआप टिकते, म्हणून माझ्या सगळ्या चाचण्या दोन तासांच्या हिशोबाने असतात.

2026 मध्ये हे आणखी महत्त्वाचं आहे. पहिला दिवा शुक्रवारी, 4 डिसेंबरला संध्याकाळी लागतो आणि आठवी रात्रही शुक्रवारीच येते, 11 डिसेंबरला. म्हणजे ज्या रात्री आठही दिवे असतात त्याच रात्री ते सगळ्यात जास्त वेळ जळायला हवेत.

आणखी एक नियम आधीच लक्षात घ्या, कारण पेल्याचं माप त्यावर ठरतं. दिवा लावताना त्यात पुरेसं तेल असलंच पाहिजे. कमी तेलात पेटवला आणि नंतर वरून भर घातली, तर ते धरत नाहीत. विझवून, तेल घालून पुन्हा लावावा लागतो. पुरेसं तेल असताना वाऱ्याने विझला तर गोष्ट वेगळी. तो पुन्हा लावायची चाल आहे, पण ब्राखा (दिवा लावताना म्हणायची प्रार्थना) पुन्हा म्हणत नाहीत.

तेल कुठलं? जळणारं कुठलंही तेल चालतं, ऑलिव्हला मान जास्त. ही चर्चा फार जुनी आहे. शब्बाथच्या दिव्यात फक्त ऑलिव्ह तेलच चालेल असा आग्रह निघाला, तेव्हा तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथात, विचारलेला प्रश्न आपल्या बेने इस्राएल म्हणजे मराठी यहुदी लोकांनी तर जरूर वाचावा: ज्यांच्याकडे तिळाच्या तेलाशिवाय काही नाही त्या बाबिलोनियाच्या लोकांनी करायचं काय? हनुक्याच्या दिव्याबद्दलही तिथेच येतं की रब्बा नावाचे धर्मपंडित आधी तिळाचं तेल घ्यायचे, कारण ते जास्त वेळ जळतं. पुढे ऑलिव्हचा उजेड अधिक स्वच्छ असतो म्हणून ते ऑलिव्हकडे वळले. कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. तीळ आणि खोबरं त्यांच्या रोजच्या हातातलं. हनुका आपल्यात उशिरा आला, बाहेरच्या यहुदी शिक्षकांशी संबंध वाढल्यावर; पण तेलाची जाण आधीपासूनच होती.

तिळाचं तेल मी ठाण्या-मुंबईतल्या नातेवाइकांना बिनधास्त सुचवते. ऑलिव्हच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतं, नीट गाळलेलं असेल तर धूरही फारसा करत नाही. खोबरेल मात्र जपून. सिनेगॉगच्या टांगत्या पेल्यांमध्ये पाण्यावर खोबरेल घालण्याची आपली पद्धत जुनी आहे आणि ज्योतही सुंदर येते, पण खोबरेल 24-25 अंशांच्या आसपास थिजतं. मुंबईतसुद्धा डिसेंबरच्या रात्री ते बाटलीत थिजलेलं दिसतं. इस्राएलमध्ये, विशेषतः बेरशेवा-दिमोनाच्या थंडीत, ते पेल्यात दगडासारखं होतं. वातीच्या भोवतालचं तेवढं वितळतं, वात ते ओढून घेते, कडेचं तसंच राहतं आणि पेला अर्धा भरलेला असताना दिवा विझतो. वापरायचंच असेल तर पेले कोमट पाण्यात ठेवून तेल पूर्ण पातळ करा आणि शुक्रवारी ते टाळा.

ऑलिव्हमध्ये महागडं एक्स्ट्रा व्हर्जिन लागत नाही. इस्राएलमध्ये दुकानात ‘दिव्यासाठी’ असं लिहिलेलं स्वस्त ऑलिव्ह तेल मिळतं. ते खायचं नाही, एवढं ध्यानात ठेवा आणि स्वयंपाकाच्या बाटलीपासून लांब ठेवा. त्यात गाळ असतो. बाटली दोन दिवस उभी ठेवायची, वरचं तेल अलगद काढून घ्यायचं आणि मलमलीच्या कोरड्या फडक्यातून गाळायचं. गाळ वातीच्या टोकाशी साचतो आणि काजळी धरते. तेलात ओल असेल तर दिवा तडतडतो. रॉकेल किंवा पॅराफिनचं दिव्याचं तेल उघड्या पेल्यात घालू नका, ऑलिव्हमध्ये मिसळूही नका. ते खूप कमी तापमानाला पेट घेतं. ऑलिव्ह तेलाचा दिवा कलंडला तर बहुतेक वेळा नुसतं तेल सांडतं, पॅराफिनचं तसं नाही.

आता मुख्य मुद्दा. ऑलिव्ह, तीळ, खोबरेल ही सगळी जड तेलं आहेत. वात ती वर ओढते खरी, पण फार उंच नाही. ज्योत आणि तेलाची पातळी यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर पडलं की ज्योत बारीक होते, टोक लाल होतं आणि थोड्या वेळात दिवा जातो. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं, वातीला उगाच दोष दिला जातो.

याचा हिशोब करून पाहा. बारीक सुती वात तासाला साधारण 5-6 मिली तेल पिते, म्हणजे दीड तासात 9 मिली. हनुकियासोबत मिळणाऱ्या अरुंद काचेच्या नळ्यांचा आतला व्यास 1.6 सेंटिमीटर असेल, तर 9 मिली म्हणजे साडेचार सेंटिमीटर उंची. वात वरच्या टोकाला अडकवलेली असेल तर दीड तासाच्या बऱ्याच आधी तेल तिच्यापासून लांब जातं. 2.5 सेंटिमीटर व्यासाच्या पेल्यात तेवढंच तेल पावणेदोन-दोन सेंटिमीटर उतरतं, कसंबसं निभतं. 3.5 सेंटिमीटरच्या पेल्यात पातळी एक सेंटिमीटरसुद्धा उतरत नाही. म्हणून पेला उंच नको, रुंद हवा. हनुकियाच्या कड्यांत रुंद पेले बसत नसतील तर ती कपाटात राहू द्या आणि एका सरळ फळीवर आठ सारखे पेले एका ओळीत, एकाच उंचीवर मांडा. नववा शमाश (ज्याने बाकीचे दिवे पेटवतात तो) वेगळ्या उंचीवर किंवा बाजूला. हेही पूर्ण चालतं.

वातींचे तीन प्रकार मी वापरून ठेवले आहेत.

पहिली, हाताने वळलेली. फुलवात इथे उपयोगाची नाही. तुपाच्या निरांजनात ती उभी राहते, पातळ तेलात तिचा बुडखा मऊ पडून ती आडवी होते. लांब तेलवात घ्या. औषधाच्या दुकानातला कापूस तेल लगेच शोषतो, कारण त्यातलं नैसर्गिक मेण काढलेलं असतं. साधा सरकी काढलेला कापूस वापरलात तर वाती आदल्या रात्रीच तेलात भिजत घाला. वळताना बोटांना दूध किंवा राख लावायची आपल्याकडची सवय इथे सोडा, दोन्हींनी टोकाला काजळी धरते. बोटांना तेलाचा थेंब पुरे. जाडी 2 मिलिमीटर, पीळ घट्ट पण दगड नको. फार घट्ट पिळाची वात तेल ओढत नाही, सैल वात भडकते आणि धूर करते. ही वात पणतीसारख्या उथळ, कडेला चोच असलेल्या दिव्यात उत्तम चालते. तशी मातीची किंवा पितळेची हनुकिया असेल तर दुसरं काही शोधूच नका.

दुसरी, काचेच्या किंवा धातूच्या नळीत बसवायची मेण लावलेली वात. मेणामुळे ताठ राहते, पटकन पेट घेते. पण नळीत मेण थिजून भोक बुजतं आणि दुसऱ्या रात्री तेल वर चढत नाही. रोज गरम पाण्यात नळ्या उकळून, सुईने साफ करून, पूर्ण वाळवून ठेवाव्या लागतात. आठव्या रात्री ते काम नकोसं होतं.

तिसरी, तरंगती वात, आणि माझी पसंती हिलाच आहे. तेल उतरतं तशी वातही खाली येते, त्यामुळे ज्योत आणि तेल यांतलं अंतर बदलतच नाही. तयार मिळतात, घरीही करता येतात: बुचाची 4 मिलिमीटर जाड चकती, व्यास 2 सेंटिमीटर, मधोमध 2 मिलिमीटरचं भोक, वरच्या बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल म्हणजे बूच करपत नाही. वात वर 3 मिलिमीटर, खाली 5 मिलिमीटर, यापेक्षा जास्त नाही. वर लांब ठेवली तर धूर आणि चकती कलते. खाली लांब ठेवली तर काय होतं ते पाणी घातल्यावर कळतं.

पाणी कशासाठी? पेल्यात आधी पाणी, वर तेल. पाण्याने तेलाची पातळी काठाजवळ येते, म्हणजे ज्योत पेल्यात खोल बुडत नाही, तिला हवा मिळते आणि रस्त्यावरूनही दिसते. तळाची काच तापत नाही, तेल संपलं की वात पाण्याला टेकून दिवा आपला आपण विझतो. शब्बाथच्या रात्री याचं मोल फार आहे. पण वातीचं शेपूट 8-10 मिलिमीटर असेल तर तेल शिल्लक असतानाच ते पाण्याला लागतं, चट्‌चट्‌ आवाज येतो आणि दिवा जातो. 3.5 सेंटिमीटरच्या पेल्यात 5 मिलिमीटरचं शेपूट म्हणजे सुमारे 5 मिली तेल कधीच जळणार नाही. ते हिशोबात धरायचं. त्यामुळे माझं माप असं: रोजच्या रात्री पेल्यात 15 मिली, शुक्रवारी 20, दुसऱ्या दिवशी उणं पडेल तेवढी भर. पाणी इतकं, की तेल घातल्यावर वर काठापर्यंत एक सेंटिमीटर राहील. औषधाच्या दुकानातली 10 मिलीची सिरिंज, सुई काढून, यासाठी सगळ्यात सोयीची. ना सांडतं, ना अंदाज चुकतो.

2026 चा हिशोब शमाश सोडून सांगते, कारण शमाशसाठी मी मेणबत्तीच वापरते. तळाशी उरणारे 5 मिली वेगळे धरून पहिल्या शुक्रवारी 15, मधल्या सहा रात्रींचे 27 दिवे म्हणजे 270, शेवटच्या शुक्रवारी 120. एकूण 405, अधिक आठ पेल्यांच्या तळचे 40. म्हणजे 445 मिली. अर्ध्या लिटरची बाटली कागदावर पुरते. चाचणी आणि सांडलवंड धरून 750 मिली घ्या.

जागा ठरवताना पंख्याकडे बघा. मुंबईत डिसेंबरमध्येही पंखा फिरतोच. ज्योत एका बाजूला झुकली की तीच काच तापते आणि पेला तडकतो. इस्राएलमध्ये दाराबाहेर काचेच्या पेटीत दिवे ठेवतात, ते छानच, पण पेटीला खाली आणि वर फट हवी. नऊ ज्योती बंद पेटीत गुदमरतात. दोन पेल्यांच्या मध्यांत 5 सेंटिमीटर अंतर ठेवा. ज्योती एकत्र आल्या तर तो शेकोटीचा जाळ दिसतो, वेगळे दिवे मानले जात नाहीत, आणि तेलही एकमेकांच्या उष्णतेने तापतं. खाली काठ असलेलं स्टीलचं ताट. जवळ पेल्यावर बसेल असं धातूचं झाकण. तेल पेटलं तर झाकायचं, पाणी ओतायचं नाही.

शुक्रवारच्या आधी एक पेला त्याच जागी, त्याच तेलात दोन तास जाळून बघा. मुंबईत त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे शुक्रवारी साडेपाचपर्यंत सगळे पेले भरून, वाती भिजवून तयार हव्यात. कोरडी वात काडीने आधी स्वतःच जळते आणि मग तेल ओढते. तेवढ्यात टोक कोळसा होऊन बसतं. चकत्या पंधरा मिनिटं आधी तेलात सोडा. पेले उजवीकडून मांडत जायचे आणि पेटवताना डावीकडच्या नव्या दिव्यापासून सुरुवात, हे तर माहीत आहेच. वाती रोज बदलायलाच हव्यात असं नाही. जळकं टोक कापून 3 मिलिमीटर वर काढली की जुनी वात नव्यापेक्षा लवकर पेटते.

घाई असेल तर घट्ट केलेल्या तेलाचे तयार पेले 44 च्या खोक्यात मिळतात, शमाशसकट आठही रात्रींचा तो आकडा आहे. प्रवासात मी तेच नेते. अशा गोठवलेल्या तेलाला द्रव तेलाचा मान द्यावा का, यावर रब्बींमध्ये चर्चा आहे, तेव्हा आपल्या हाखामांना (धर्मगुरूंना) विचारून घ्या.

आठव्या रात्रीनंतर पेल्यांत उरलेलं तेल आणि वाती हनुक्यासाठी राखलेल्या असतात, त्या दुसऱ्या कामाला वापरत नाहीत. शब्बाथ सरल्यावर एका धातूच्या भांड्यात, उघड्यावर, थोडं थोडं जाळून टाकायचं. पाणी त्यातून आधी सिरिंजने काढून घ्या, नाहीतर गरम तेल उडतं. बाटलीत न वापरता राहिलेल्या तेलाला हे लागू नाही. खाण्याचं असेल तर ते सरळ स्वयंपाकघरात जातं.