शिखर नसलेल्या टेकड्या

सह्याद्रीत चालायला शिकलेल्या माणसाला चढाच्या शेवटी काहीतरी हवे असते. बुरूज, पाण्याचे टाके, शेंदूर लावलेला मारुती, निदान लिंबू सरबत विकणारे एखादे मामा तरी. अमेरिकेच्या मध्यावर, कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समध्ये यांपैकी काहीही नाही. एक चढ संपला की दुसरी टेकडी दिसते, ती चढावी तर तिसरी, आणि तिन्हींवर गवताखेरीज दुसरे काही नसते. तरीही एप्रिल सरत आला की मी एखादा रविवार राखून ठेवतो आणि विचिटाहून गाडी काढून स्ट्रॉंग सिटीजवळच्या ‘टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह’मध्ये दिवसभर एकटाच चालतो. सोबतीला कोणी येत नाही असे नाही. एकदा आलेला माणूस पुन्हा येत नाही, इतकेच.

वाट सुरू होते ती १८८१ साली बांधलेल्या एका जुन्या रँचपासून. स्टीफन जोन्स या पशुपालकाने याच परिसरातला चुनखडक काढून येथे घर आणि तीन मजली गोठा उभारला. आज जवळजवळ ११ हजार एकरांचा हा प्रदेश, १९९६ पासून, राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र आहे. गोठा मागे टाकून थोडे वर आल्यावर समोरच्या उतारांवर आडव्या पायऱ्या दिसू लागतात आणि दख्खनच्या माणसाला क्षणभर आपल्याच मुलखात आल्याचा भास होतो. मात्र आपल्याकडच्या पायऱ्या लाव्ह्याच्या थरांच्या आहेत, तर या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडकाच्या आणि शेल या चिखलापासून बनलेल्या खडकाच्या. हा खडक पर्मियन काळातला, म्हणजे आपल्या साडेसहा कोटी वर्षांच्या बेसॉल्टहून सुमारे चौपट जुना. वाटेवरचा एखादा दगड उचलून पाहिला तर त्यात कधीकधी गव्हाच्या दाण्यांसारखे जीवाश्म दाटीने बसलेले आढळतात. फ्युसुलिनिड नावाच्या एकपेशीय सागरी जीवांचे ते अवशेष होत. गव्हासाठी प्रसिद्ध असलेल्या राज्यात दगडांतूनही गहूच निघावा, याची मला दर वेळी गंमत वाटते. (दगड मात्र जागेवर परत ठेवावा लागतो, घरी नेण्यास बंदी आहे.)

या चुनखडकात चकमकीच्या दगडाचे, इंग्रजीत ‘फ्लिंट’चे, थर आहेत, आणि गवत वाचले ते त्यांच्यामुळेच. १८०६ साली झेब्युलन पाइक या सैनिकी अधिकाऱ्याने येथून जाताना आपल्या रोजनिशीत खडबडीत चकमकीच्या टेकड्यांची नोंद केली. पुढे वसाहत करणारे शेतकरी आले, तेव्हा नांगराचा फाळ वीतभर मातीखाली या दगडावर आदळू लागला आणि त्यांनी नांगर बाजूला ठेवून गुरे आणली. उत्तर अमेरिकेत एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर उंच गवताची प्रेअरी होती. आज तिचा ४ टक्क्यांहून कमी भाग उरला आहे आणि त्यातला बहुतेक या टेकड्यांत आहे. बाकीच्या जमिनीवर मका आणि सोयाबीन पिकते. जमीन नापीक ठरली नाही, केवळ नांगरता आली नाही, म्हणून ती जशीच्या तशी राहिली.

तथापि नुसते सोडून देऊन हे गवत टिकत नाही, आणि वसंतात येथे येण्याचे खरे कारण माझ्यापुरते तरी हेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये येथील कुरणे मुद्दाम पेटवली जातात. युरोपीय वसाहतींच्या कितीतरी आधीपासून येथील मूळ रहिवासी गवत जाळत आले होते. ज्या कान्सा लोकांवरून राज्याला नाव मिळाले, त्यांना १८७३ मध्ये येथून दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. जाळण्याची रीत मात्र पशुपालकांनी उचलली. काही वर्षे आग लागली नाही तर रेड सीडरची झुडपे शिरकाव करतात आणि बघता बघता कुरणाचे रान होते. आपल्याकडे वणवा म्हटला की मनात धस्स होते आणि ते योग्यच आहे, कारण आपले वणवे बहुधा कोणाच्या तरी निष्काळजीपणाने लागतात. येथे आग लावणारा आधी वाऱ्याची दिशा, हवेतला दमटपणा आणि शेजाऱ्याचे कुंपण पाहतो. अर्थात, धूर कुंपण पाहत नाही. काही दिवशी तो कॅन्सस सिटीपर्यंतच काय, नेब्रास्कापर्यंतही पोहोचतो आणि त्यावरून दर वर्षी कुरबूर होते.

जळलेला उतार प्रथम कोळशासारखा काळा असतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यातूनच इतका कोवळा हिरवा रंग वर येतो की डोळ्यांना तो किंचित खोटा वाटतो. बिग ब्लूस्टेम गवताचे कोंब मातीच्या आत सुरक्षित असतात आणि मुळे तर कित्येक फूट खोल गेलेली असतात, त्यामुळे आगीत जाते ते केवळ गेल्या वर्षीचे वाळलेले. एप्रिलमध्ये घोट्याएवढे असलेले हेच गवत शरदात माणसाच्या डोक्यावर जाते. म्हणून वसंतातच चालावे. तेव्हा जमीन दिसते, तिच्यावरचे दगड दिसतात आणि जांभळ्या रंगाची रानव्हायोलेट पाय ठेवण्याआधी लक्षात येतात.

ही कोवळी पालवी बायसनांनाही, म्हणजे अमेरिकेतल्या रानगव्यांनाही, आवडते. ताज्या जळलेल्या तुकड्यावर ते आपसूक गोळा होतात, जुन्या तुकड्याला तेवढी विश्रांती मिळते आणि एकाच कुरणात कमी-अधिक उंचीचे गवत तयार होते. २००९ साली साउथ डकोटातल्या विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून १३ बायसन येथे आणले गेले, त्यांचा आता मोठा कळप झाला आहे. वाट त्यांच्या कुरणातूनच जाते. किमान १०० यार्ड अंतर राखावे अशी सूचना फाटकावर असते, आणि नऊशे किलोंचा नर ताशी पन्नासहून अधिक किलोमीटर वेगाने धावू शकतो हे लक्षात घेता ती पाळण्यास माझी कधीच हरकत नसते. कळप वाटेवरच बसला असेल तर मोठा वळसा घ्यायचा किंवा मुकाट्याने परतायचे. वसंतात मादीपाशी नारिंगी-तांबूस रंगाची पाडसे असतात, तेव्हा तर वळसा आणखी मोठा हवा. बायसनांनी लोळून केलेल्या खळग्यांत पावसाचे पाणी साचते आणि त्यात इवलेसे बेडूक आपला संसार थाटतात. त्यांचा आवाज त्यांच्या आकाराला मुळीच शोभत नाही.

सूर्योदयाच्या सुमारास पोहोचले तर दूरवरून प्रेअरी चिकन या रानकोंबडीसारख्या पक्ष्याच्या नरांचा खोल घुमणारा आवाज येतो. गळ्याजवळच्या नारिंगी पिशव्या फुगवून ते उघड्या जागी जमतात आणि माद्यांसमोर नाचतात. असाच गळा फुगवून घुमणारा पक्षी आपल्याकडेही होता. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक आता जवळपास दिसेनासा झाला आहे. दोन्ही पक्ष्यांची मागणी एकच आहे: मोकळी, झाडे नसलेली जमीन. आपल्या सरकारी कागदांवर अशी जमीन बहुधा पडीक म्हणून नोंदली जाते, आणि पावसाळा आला की कोणीतरी उत्साहाने तेथे रोपे लावायला निघते. या टेकड्यांत याच्या उलट, निसर्गप्रेमी मंडळी करवती घेऊन झाडे तोडायला जातात आणि संध्याकाळी समाधानाने घरी परततात. ही गोष्ट मी पुण्यातल्या वृक्षप्रेमी नातेवाइकांना सांगून पाहिली. माझ्याविषयीचे त्यांचे मत त्यानंतर सुधारलेले नाही.

दुपारपर्यंत वारा वाढतो. अडवायला झाड नसल्याने तो सरळ अंगावर येतो, टोपी हातात धरावी लागते आणि स्वतःशी मोठ्याने बोलले तरी स्वतःलाच ऐकू येत नाही, ही एकट्याने चालणाऱ्याची मोठी सोय आहे. पश्चिमेला ढगांची गच्च भिंत दिसली की मात्र रेंगाळायचे नाही. मैलोगणिक सर्वांत उंच वस्तू आपणच असतो, आणि विजेला ते कळायला वेळ लागत नाही. तेवढ्या एका कारणासाठी मी येथे पाय उचलतो. बाकी वेळी घाई करण्यासारखे काही नाही. सीनिक ओव्हरलुकपर्यंत जाऊन परत येण्याची वाट सुमारे दहा किलोमीटरची आहे, तेथे बुरूज नाही, सरबत नाही, आणि पाटीवर जे पाहा म्हणून लिहिले आहे ते आपण सकाळपासून पाहतच आलेलो असतो. मी तेथे पोळीची गुंडाळी खातो, पाणी पितो आणि पायमोज्यांवरच्या गोचिडी वेचतो. वसंतात त्या भरपूर असतात, म्हणून फिकट रंगाचे मोजे घालावेत. त्यांवर त्या चटकन दिसतात.