एवढी पगारवाढ मिळत असताना ‘नाही’ का म्हटलंत?

हा प्रश्न मला शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि मी विमान चालवते एवढंच ज्यांना माहीत आहे ती माणसंही विचारतात. त्यांनी बातमी वाचलेली असते की अमेरिकेतल्या अमुक एअरलाइनच्या पायलटांनी युनियनने आणलेला करार मतदानात पाडला, आणि त्या करारात तर घसघशीत पगारवाढ होती. मग मनात येणारच, एवढं मिळतंय तर आणखी काय हवंय या लोकांना? अशाच एका करारावर मी स्वतः ‘नाही’ असं मत दिलं आहे. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

आधी पद्धत थोडक्यात. कंपनी आणि युनियनची वाटाघाटी समिती यांचं जमलं की जो मसुदा तयार होतो त्याला आम्ही ‘टीए’ म्हणतो, म्हणजे टेंटेटिव्ह अ‍ॅग्रीमेंट. युनियनच्या प्रतिनिधींनी तो पुढे पाठवला की सगळ्या सभासदांसमोर मतदानाला येतो. मध्ये काही आठवडे मिळतात. युनियनची माणसं बेसवर, म्हणजे आमची ड्युटी जिथून सुरू होते त्या विमानतळावर, येऊन कलमं समजावून सांगतात, प्रश्न घेतात, कधीकधी चांगलीच खडाजंगी होते. मसुदा जाडजूड असतो. आणि त्यात सगळ्यात आधी उघडलं जाणारं पान म्हणजे तासाच्या दराचं. मीही पूर्वी तेच उघडायची.

पण हा तास कुठला? पार्किंग ब्रेक सोडून विमान गेटवरून हललं की आमचा तास सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाला गेटवर लागलं की संपतो. त्याआधी हवामान आणि इंधनाचे कागद वाचणं, विमानाभोवती फिरून तपासणी करणं, प्रवासी चढेपर्यंत थांबणं, मधल्या विमानतळावर तीन-तीन तास बसून राहणं, यातलं काही त्या तासात धरत नाहीत. ही तूट थोडीफार भरून काढायला करारात ‘रिग’ची कलमं असतात: घरापासून इतके तास दूर राहिलात तर किमान इतक्या तासांचा पगार. दर तोच असला तरी रिग बदलली की महिना बदलतो. त्यामुळे कोणी मला नुसती टक्केवारी सांगितली तर मला त्यातून फारसं काही कळत नाही.

तरीही पैसा हा भाग सोपाच. मला खरं शिकवलं ते दुसऱ्याच एका कलमाने.

ज्याला ‘नाही’ म्हटलं त्याच्या आधीच्या करारावर मी ‘हो’ म्हटलं होतं. तेव्हा मी नवी होते, दर चांगला वाढत होता, बाकीची पानं चाळून सोडून दिली. त्यात एक वाक्य होतं, साधारण असं: उड्डाणांची गरज असल्यास कंपनी पायलटला ट्रिपच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या कामावर नेमू शकेल. इंग्रजी करारात ‘शॅल’ आणि ‘मे’ या दोन शब्दांवर माणसांचे दिवस टांगलेले असतात. ‘शॅल’ म्हणजे करावंच लागेल. ‘मे’ म्हणजे करू शकेल, आणि कधी करायचं हे ज्याच्या हातात तो ठरवणार. या वाक्यात ‘मे’ होतं, आणि ‘गरज’ म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दोन वर्षांनी, चार दिवसांच्या ट्रिपचा चौथा दिवस. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी काम संपणार होतं. बाबा महिनाभर आमच्याकडे राहून त्याच रात्री परत जाणार होते, आणि त्यांना विमानतळावर मीच सोडणार होते. आम्ही धावपट्टीवर उतरून विमान गेटकडे नेत होतो तेव्हा दोन सीटच्या मधला छोटा प्रिंटर खरखरला आणि बोटभर कागद बाहेर आला: गेटवर लागल्यावर क्रू शेड्युलिंगला, म्हणजे कोण कुठे उडणार हे ठरवणाऱ्या विभागाला, फोन करा. हे वाक्य आलं की कॉकपिटमध्ये कोणी काही बोलत नाही. मी फोन केला. पलीकडच्या मुलीचा आवाज थकलेला होता, ती शांतपणे म्हणाली की तुम्हाला आणखी एक फेरी आहे, मुक्काम तिकडेच. मी करार उघडला, ते वाक्य शोधलं. ती म्हणत होती ते बरोबर होतं. त्या वाक्याला मीच ‘हो’ म्हटलं होतं. बाबांना माझ्या नवऱ्याने सोडलं, आणि मी दुसऱ्या शहरातल्या हॉटेलच्या खोलीतून फोनवर निरोप दिला.

तुम्ही म्हणाल, मग दुसरी कंपनी धरा. इथेच आमचं काम इतर नोकऱ्यांपेक्षा वेगळं पडतं. आमच्याकडे सगळं सीनियॉरिटीवर चालतं. विमान कुठलं, बेस कुठला, कॅप्टन कधी होणार, सुट्टी कोणत्या आठवड्यात, दिवाळी घरी की रिझर्व्हवर (बोलावलं की हजर व्हायच्या तयारीत), हे सगळं तुम्ही त्या कंपनीत कोणत्या तारखेला रुजू झालात त्यावर ठरतं. पंधरा वर्षं एका कंपनीत काढलेला कॅप्टन दुसरीकडे गेला तर तिथल्या यादीत सगळ्यात खाली, पहिल्या वर्षाच्या पगारावर. म्हणून आम्ही सहसा कंपनी सोडत नाही. करार वाईट असेल तर तो करारच बदलावा लागतो.

आणि तो बदलायला वेळ लागतो. अमेरिकेत एअरलाइनचे कामगार रेल्वे लेबर अ‍ॅक्टखाली येतात. कायदा १९२६ चा, रेल्वेसाठी केलेला; १९३६ मध्ये तो विमान कंपन्यांना लागू झाला. या कायद्याखाली करार संपत नाही. ठरलेल्या तारखेला तो फक्त दुरुस्तीला खुला होतो, आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू राहतो, मग मध्ये कितीही वर्षं जावोत. संपही मनात आलं म्हणून करता येत नाही: आधी नॅशनल मीडिएशन बोर्ड या सरकारी मंडळाची मध्यस्थी, त्यांनी मोकळं केलं तर पुढे ३० दिवस थांबायचं, आणि तरीही राष्ट्राध्यक्ष संप थांबवू शकतात. १९९७ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांचा संप सुरू झाल्यावर काही मिनिटांतच थांबवला गेला होता.

हे कळलं तेव्हापासून माझी करार वाचायची पद्धत बदलली. दर पुढच्या वेळी पुन्हा मागता येतो, बाकीच्या कंपन्यांचे वाढले की आपलाही वाढतो. पण एकदा आत शिरलेलं ‘मे’ बाहेर काढायचं तर त्याच्या बदल्यात काहीतरी मोजावं लागतं. आता मी मसुदा शेवटच्या पानाकडून वाचते. दराचं पान शेवटी.

‘स्कोप’चं कलम तर मी दोनदा वाचते. कंपनीच्या नावाने आणि रंगात उडणारी विमानं कोण उडवणार, हे त्यात लिहिलेलं असतं. मोठ्या अमेरिकन कंपन्या लहान मार्गांवरची उड्डाणं रीजनल, म्हणजे लहान विमानं चालवणाऱ्या वेगळ्या, कंपन्यांना देतात आणि त्यावरची मर्यादा पायलटांच्या करारातून येते: साधारणपणे ७६ आसनं आणि ८६ हजार पौंड वजन, त्याहून मोठं विमान बाहेर देता येत नाही. प्रवाशाला हे माहीत नसतं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ जे विमान कोसळलं त्याचं उड्डाण कॉन्टिनेंटल कनेक्शन या नावाने होतं, चालवत होती कोलगन एअर. ५० माणसं गेली. तपासात कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे ठरलं. पण त्याच सुनावणीत हेही बाहेर आलं की त्या विमानाची तरुण फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आदल्या रात्रभर देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून कामावर आली होती, आणि तिचा पगार वर्षाला १६ हजार डॉलरच्या आसपास होता. त्यानंतर नियम बदलले, विश्रांतीचे नवे नियम २०१४ च्या जानेवारीत लागू झाले. मी रीजनलमध्येच सुरुवात केली. स्कोप सैल करणाऱ्या कलमाला मी कुठल्याही दरासाठी ‘हो’ म्हणणार नाही.

हे सगळं मी एका कॅप्टनशी वाद घालताना बोलले होते. दहा हजार फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेलं काही बोलायला बंदी आहे, त्यामुळे ते जेवढं म्हणायचं ते गिळून बसले होते. दहा हजार ओलांडले आणि त्यांनी विचारलं, “मग, काय ठरवलंस?” मी ‘नाही’ म्हटलं. ते ‘हो’ म्हणणार होते, आणि त्यांची कारणं माझ्यापेक्षा हलकी नव्हती.

वयाच्या ६५ व्या वर्षी आम्हाला प्रवासी एअरलाइनचं उड्डाण सोडावंच लागतं. त्यांच्याकडे दोन वर्षंही उरली नव्हती. शिवाय ते त्या दशकातून आले होते जेव्हा ११ सप्टेंबर २००१ नंतर एकामागून एक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि न्यायालयाच्या आडून करार फिरवले गेले. युनायटेडच्या पेन्शन योजना २००५ मध्ये बंद झाल्या, ती बातमी सगळ्यांना माहीत आहे. या कॅप्टनचीही पेन्शन अशीच गेली होती. ते म्हणाले, “तू तीस वर्षांचा हिशोब करतेस. मी तीस वर्षांचा हिशोब केला होता. कागदावर सगळं होतं.” मग थोडा वेळ त्यांनी इंधनाची नोंद केली आणि म्हणाले, “आज टेबलावर आहे ते घे.”

याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं, आजही नाही. ‘नाही’ म्हटल्यावर जास्तच मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. २०२२ मध्ये युनायटेडच्या पायलटांनी ९४ टक्के मतांनी टीए पाडला. पुढच्या मार्चमध्ये डेल्टाच्या पायलटांनी ३४ टक्के वाढीचा करार मंजूर केला, सगळ्यांची पट्टी वर सरकली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये युनायटेडचा बराच चांगला करार ८२ टक्क्यांनी मंजूर झाला. त्याच २०२३ च्या जुलैमध्ये फेडेक्सच्या पायलटांनी ५७ टक्क्यांनी टीए पाडला. मालवाहतुकीचा बहर तोवर ओसरला होता, आणि वर्ष उलटलं तरी त्यांच्या हातात नवा करार आला नव्हता. दोन्हीकडे माणसांनी विचार करूनच मत दिलं होतं.

थांबण्याचा खर्चही प्रत्येकाने मांडावा. समजा जुन्या आणि नव्या दरात तासाला ४० डॉलरचा फरक आहे आणि महिन्याला ८० तास भरतात. म्हणजे महिन्याचे ३,२०० डॉलर. १४ महिने लांबलं तर ४४,८००. मधल्या काळाच्या फरकाची मागची रक्कम पुढच्या करारात मिळते, पण किती मिळते हाही वाटाघाटीचाच विषय असतो. कॅप्टनचा दर जास्त, म्हणून त्याचा फरकही जास्त, आणि निवृत्ती खात्यात कंपनी पगाराच्या टक्क्यांनी भरते म्हणून तिथेही तूट. तरुण पायलटांना मी हा हिशोब कागदावर करायला सांगते. ‘नाही’ म्हणणं म्हणजे बाणेदारपणा असं काहींना वाटतं, ते मला पटत नाही. ‘नाही’ म्हणताना दुसऱ्याचे पैसेही आपण पणाला लावत असतो.

मतदानाची मुदत संपायच्या दोन दिवस आधी मी लेओव्हरवर, म्हणजे ट्रिपमधल्या मुक्कामावर, होते. ते शेवटच्या दिवसाचं कलम पुन्हा उघडलं. दर बदलला होता, रिग सुधारली होती, पण ‘मे’ जसंच्या तसं होतं. मी ‘नाही’ नोंदवलं. टीए पडला.

दुसरा टीए यायला वर्षाहून जास्त काळ गेला. त्यात शेवटच्या दिवशी मूळ वेळेपलीकडे नेमायचं असेल तर पायलटची संमती घ्यावी लागेल, असं आलं, आणि विमान खरोखर अडकलं असेल ते अपवाद एकेक करून लिहिले गेले. स्कोपला हात लागला नाही. मी ‘हो’ म्हटलं, तो मंजूर झाला.

ते कॅप्टन त्याच्या पाच महिने आधी निवृत्त झाले होते. निवृत्त झालेल्यांनाही मागची रक्कम मिळाली, पण पहिला करार झाला असता तर मिळाली असती त्याहून कमी. ते मला ठाऊक होतं, त्यांनाही. निकालाच्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला. काय बोलावं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी पैशांचं विचारलंच नाही. म्हणाले, “ते शेवटच्या दिवसाचं कलम वाचून दाखव. अपवादांसकट.” मी मसुदा उघडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मध्ये एकदा त्यांनी थांबवलं: “तिथे ‘शॅल’च आहे ना?”

“शॅल आहे,” मी म्हटलं, आणि पुढचा अपवाद वाचला.