सोलापूरच्या फेरीत जिओकॅश लपवताना : परवानगीचा अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांना आमच्या कंपनीची मशिनं आहेत. त्यांच्या देखभालीसाठी मी पुण्याहून नियमित सोलापूरला येतो. काम बऱ्याचदा दुपारीच उरकतं आणि गाडी माझ्याच हातात असते. मग नान्नजचं माळढोक अभयारण्य, हिप्परग्याचा तलाव अशी वाट वाकडी करायची सवय लागली आणि त्यातूनच जिओकॅशिंगचा नाद. एकाने डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश साइटवर द्यायचे. बाकीच्यांनी जीपीएसवर ती शोधून आतल्या वहीत नाव लिहायचं. मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि त्याच आठवड्यात ओरेगॉनमध्ये पहिली डबी लपवली गेली.

शोधणं सोपं आहे. हा अनुभव लपवण्याचा आहे.

नियम मोजके आहेत. दुसऱ्या डबीपासून किमान 161 मीटर अंतर हवं, जमीन खणायची नाही, जागेच्या मालकाची परवानगी हवी आणि डबीची देखभाल करणारं कुणीतरी जवळ हवं. भुईकोट किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, म्हणून तो विचार मी आधीच सोडला. शहरातली एक सार्वजनिक बाग पसंत केली आणि ती ज्या कार्यालयाच्या ताब्यात आहे तिथे अर्ज दिला.

तिथेच अडकलो. पहिल्या टेबलावर विचारलं, "हे जाहिरातीत धरायचं का?" जाहिरात नाही म्हटल्यावर, "मग कार्यक्रम आहे का? किती माणसं जमणार?" माणसं जमणार नाहीत, एकेक जण कधीतरी येऊन वहीत नाव लिहील, हे मी डबी उघडून दाखवलं. अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला. तिथले म्हणाले, बेवारस वस्तूचा प्रश्न आहे, सुरक्षेचं बघणाऱ्यांचा अभिप्राय लागेल. ही शंका मला रास्त वाटली. डबी पारदर्शक ठेवतो, वर नाव आणि फोन लिहितो, असं तिथल्या तिथे लिहून दिलं. पुढच्या फेरीत गेलो तर अर्ज अभिप्रायाला गेलेलाच नव्हता. त्या पुढच्या फेरीत साहेब मीटिंगला. पुण्यातून फोन करावा तर कोणी उचलत नाही, म्हणजे प्रत्येक "पुढच्या आठवड्यात या"साठी मला पुढच्या फेरीची वाट बघायची. नंतर तर अर्जच सापडेना. माझ्याकडे आवक क्रमांकाची पोच होती म्हणून नव्याने द्यावा लागला नाही. अर्ज नेहमी दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

राग नकाराचा नाही, कारण नकार मिळालाच नाही. "नाही" असं एका ओळीत लिहून दिलं असतं तर मी त्याच दिवशी दुसरी जागा बघितली असती. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, पण मुदत फक्त अधिसूचित सेवांना. असल्या अर्जाला तिथे जागाच नाही. जो अर्ज कोणत्याच रकान्यात बसत नाही त्याचं काय करायचं, हे त्या इमारतीत कोणीच ठरवायला तयार नव्हतं. अजूनही आठवलं की चीड येते.

शेवटी विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे हत्तरसंग कुडलला गेलो. इथे सीना भीमेला मिळते. संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख आहे. जो वाचेल तो विजयी होईल, असा त्यातल्या ओळीचा अर्थ लावतात. देवळाला हात न लावता, बरंच अलीकडे रस्त्याकडेच्या एका शेताच्या बांधावर लिंबाचं झाड हेरलं. शेतकरी मामा तिथेच होते. सगळं ऐकून म्हणाले, "ठेवा की. मी रोज येतोच हितं, बघत जाईन." साध्या कागदावर दोन ओळी आणि सही, चहा संपायच्या आत. परवानगी मिळाली आणि देखभाल करणाराही. मला फार बरं वाटलं.

साइटच्या तपासनिसाने मामांची चिठ्ठी मान्य केली. जागा देताना एक सांभाळा : साइटला अंश आणि दशांश मिनिटं लागतात, फोनचा नकाशा दशांश अंश दाखवतो. 17.5 अंश म्हणजे 17 अंश 30 मिनिटं. दशांश भागाला 60 ने गुणायचं. झाडाखाली जीपीएस सरकतो, म्हणून वेगवेगळ्या वेळी नोंदी घेऊन सरासरी काढा. आणि डबीत खाऊ ठेवू नका, मुंग्या वहीपर्यंत पोचतात. पेन उन्हात वाळतं, पेन्सिलच ठेवा.