लक्ष्मी पावली ती जिम्बोला
12 नोव्हेंबर 2023. आज ह्यूस्टनमध्ये आमच्याकडे लक्ष्मीपूजनाची गडबड आणि शेजारी (टेक्सास ए अँड एम कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कट्टर चाहता, मरून टोपी कधी उतरत नाही) फराळाला आला तो बातमी घेऊनच, त्यांच्या हेड कोचला, जिम्बो फिशरला काढला. अरे कालच तर मिसिसिपी स्टेटला 51-10 धुतलंत ना! वर त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायचे, कशाचे तर घरी बसायचे 😂 हा चकली मोडत खूश, पण खरी धाकधूक दुसरीकडे, आता हे पैसेवाले कुणाचा तरी कोच उचलणार, ड्यूक कॉलेजचा कोच माईक एल्को आधी इथेच डिफेन्स बघायचा म्हणजे तिकडे आज कुणाला झोप नाही. आणि इकडे खेळायला यायचं कबूल केलेल्या पोरांना बाकीच्या कॉलेजांचे फोन सुरू झाले असणारच. ऑस्टिनवाले (जुने वैरी, टेक्सास युनिव्हर्सिटी) तर पुढच्या वर्षी एसईसीत, म्हणजे ए अँड एमच्याच लीगमध्ये येतायत, त्यांची आज डबल दिवाळी.