पंपगृहाच्या दाराशी

एकट्याने काम करणाऱ्यांच्या कमरेला आम्ही जे उपकरण देतो, ते बहुतेक वेळा विनाकारणच वाजतं. कुणी खुर्चीत बसून नोंदवही लिहीत असतो, कुणी ते काढून टेबलावर ठेवलेलं असतं. ठरावीक वेळ हालचाल झाली नाही की ते आधी थरथरतं, मग वाजतं, आणि कुणी बटण दाबलं नाही तर नियंत्रण कक्षात माझ्या स्क्रीनवर लाल पट्टी येते. मी फोन लावते. पलीकडून वैतागलेला आवाज येतो, "अहो मॅडम, बरा आहे मी." तो वैताग ऐकून मला हायसंच वाटतं.

त्या रात्री सांडपाण्याच्या एका पंपगृहातून पट्टी आली तेव्हा पलीकडून कुणी बोललंच नाही. उपकरणाचा मायक्रोफोन चालू झाला होता. पंपांची घरघर आणि तिथे एकट्याने काम करणाऱ्या मुलाच्या कमरेवरचा अलार्म, बाकी काही नाही. पट्टीखाली आणखी एक पट्टी होती, त्याच उपकरणातल्या वायूमापकाची : हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू, २२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २२ भाग. आमच्याकडे पहिला इशारा १० ला वाजतो.

नकाशावरचा ठिपका फाटकापाशी थांबलेला. जीपीएसला मोकळं आकाश लागतं. माणूस तळघरात उतरला की नकाशा त्याची शेवटची उघड्यावरची जागा धरून बसतो. पण या जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर आम्ही ब्लूटूथ बीकन, म्हणजे जागेची खूण पाठवणारी छोटी यंत्रं, लावून घेतले होते, आणि खाली नेटवर्क मिळावं म्हणून रिपीटरही. उपकरणाने शेवटचा ओळखलेला बीकन खालून दुसऱ्या टप्प्याचा होता. अग्निशमन दलाला मी तेच सांगितलं : तळघर, जिना, खालून दुसरा टप्पा, विषारी वायू, श्वसनयंत्र घेऊन या.

त्यांच्याआधी पोहोचले ते जवळच्या केंद्रावरचे सहकारी. वयाने मोठे, त्याला काम शिकवलेले. दारातूनच त्यांचा फोन आला.

"मी खाली उतरतोय."

"दादा, उतरू नका. आकडा ४६ वर गेलाय."

"आधी सडक्या अंड्यांसारखा वास आला, आता तोही येत नाही. वायू गेला असेल."

माझ्या पोटात गोळा आला. या वायूचं हेच भयंकर आहे. प्रमाण शंभर पीपीएमच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं, आणि त्याहून कमी असलं तरी थोड्या वेळाने वास जाणवेनासा होतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असं समजून माणसं आत जातात. अमेरिकेच्या नायॉश या संशोधन संस्थेने १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं, की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक माणसं दुसऱ्याला वाचवायला उतरलेली होती. प्रशिक्षणात ते वाचताना नुसता आकडा वाटतो. इथे तो माणूस माझ्याशी फोनवर बोलत होता.

"तुम्ही आधी दारापासून मागे या," मी म्हटलं. स्विचच्या ठिणगीने पेट घ्यायला नको म्हणून ज्वलनशील वायूचा रकाना पाहिला, शून्य. ऑक्सिजन २०.८ टक्के, नेहमीसारखाच. "पंख्याचा स्विच बाहेरच्या भिंतीवर आहे. तो लावा आणि दार सताड उघडं ठेवा."

"अहो, पोरगं खाली पडलंय आणि मी इथे उभा राहू?"

"हो. त्याच्या कमरेवरचा आकडा मला दिसतोय. तो मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवते."

आणि मी वाचत राहिले. ५१. ५३. ५३. पलीकडे फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ४९. मग ४०. पंखा काम करत होता. आकडा उतरला तरी त्यांना आत जाऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं, कारण वायू येतोय कुठून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आकडा ३१ वर असताना जवान आले, श्वसनयंत्र चढवून उतरले, कुठे वळायचं हे कुणालाही न विचारता थेट त्या टप्प्यावर गेले.

तो वाचला. डोक्याला मार, पाय मोडलेला. वायूचा इशारा ऐकून तो वेळीच वर पळाला होता आणि ओल्या पायरीवर घसरला. म्हणजे वायूमापकाने त्याचं काम चोख केलं. पण हालचाल थांबल्याचं ओळखणारा भाग नसता, तर तो बेशुद्ध पडलाय हे पाळी बदलेपर्यंत कुणाला कळलं नसतं.

ही उपकरणं म्हणजे पाळत, अशी कुरकुर आमच्याकडे बरीच होती. ती रास्तच होती. म्हणूनच अलार्म वाजेपर्यंत कुणाचंही ठिकाण आम्हाला दिसत नाही. तशी सोय कामगारांनी मागितली आणि ती द्यायलाच हवी होती. विश्वास नसेल तर माणूस उपकरण लॉकरमध्ये ठेवून जातो, आणि मग सगळं फुकट.

चौकशीत एका सांध्याचं गास्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, फाटलेलं सापडलं. दादांनी मात्र एकच मागणी लावून धरली : तळघरात कायमचा वायूमापक आणि त्याचा आकडा दाराबाहेर, डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत. तो आता बसवलाय. बाकीच्या पंपगृहांचं काम चालू आहे.